गोळीबार झाला की शाळेला सुट्टी असते का?

२०२५च्या जूनमध्ये शाळा पुन्हा भरली तेव्हा सातवीच्या वर्गात दोन दिवस एकच विषय होता. पहलगामचा हल्ला, ७ मेचं ऑपरेशन सिंदूर, त्याच दिवशी देशभर आणि गोव्यातही झालेला नागरी संरक्षणाचा सराव, आणि मोबाइलवर फिरणारे खरे-खोटे व्हिडिओ. आमची मुलं तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत होती. (त्या वर्षी गोव्यात सहावीपासूनचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू केले होते आणि उकाड्यावरून पालकांनी किती आरडाओरडा केला, ते आमच्या उत्तर गोव्यातल्या पेडण्यात कुणालाही विचारा.) मागच्या बाकावरून एकाने हात वर केला, "सर, थंयच्या भुरग्यांक सुटी मेळ्ळी?" (तिथल्या मुलांना सुट्टी मिळाली?)

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की या प्रश्नाचं नीट उत्तर आपल्याकडे नाही. सीमेवर काय झालं हे टीव्हीवर रात्रभर सांगत होते, पण तिथल्या शाळांचं काय झालं याला दोन ओळींपलीकडे जागा नव्हती: "खबरदारी म्हणून शाळा बंद." त्या दोन ओळींच्या आत काय असतं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करतो.

आधी हे बघू, सीमा म्हणजे कुठली?

आपण सरसकट 'बॉर्डर' म्हणतो, पण त्या तीन वेगळ्या रेषा आहेत. गुजरातपासून जम्मूपर्यंत पाकिस्तानशी असलेली ती आंतरराष्ट्रीय सीमा. जम्मूच्या पुढे साधारण ७४० किलोमीटरची नियंत्रण रेषा. १९४९ची युद्धबंदी रेषा होती, तिला १९७२च्या सिमला करारानंतर हे नाव मिळालं. आणि चीनकडची ती प्रत्यक्ष ताबा रेषा. तिथे गावं विरळ, थंडी जीवघेणी, पण तोफगोळे गावात पडायचा प्रकार रोजचा नाही. शाळेच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड आहे ती मधली नियंत्रण रेषा, आणि जम्मूकडचा अरनिया, आर. एस. पुरा, सांबा हा पट्टा. पुंछ, राजौरी, उरी, करनाह ही नावं बातम्यांत ऐकली असतील. तिथे शेत एका बाजूला, समोरच्या डोंगरावर दुसऱ्या देशाची चौकी.

यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नियंत्रण रेषेवर आपण काटेरी कुंपण घातलंय, पण ते रेषेवरच नाही. डोंगराच्या चढउतारामुळे आणि सुरक्षेच्या गणितामुळे ते आपल्या हद्दीत आत आहे. त्यामुळे काही गावं कुंपणाच्या पलीकडे राहिली आहेत. देश आपलाच, मतदार यादी आपलीच, फक्त ये-जा फाटकातून. फाटक ठराविक वेळी उघडतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या सीमेवरही असंच. १५० यार्डांचा पट्टा सोडून कुंपण घालायचा नियम, आणि त्या पट्ट्यात माणसांची घरं.

पेडणेकरांना हे समजावायला तेरेखोल पुरे. किल्ल्याखालचं ते गाव गोव्याचं, पण थेट गोव्यात यायचं तर नदी ओलांडून केरीला यावं लागतं. ओहोटी लागली की फेरीबोट थांबते. शिक्षक वेळेवर हजर, फळा पुसलेला, मूल मात्र पलीकडच्या धक्क्यावर दप्तर घेऊन उभं. आता असं समजा की फेरी कधी बंद होईल हे ओहोटी ठरवत नाही, समोरच्या डोंगरावरचा कुणीतरी ठरवतो, आणि त्याचं पंचांग कुठे छापलेलं नसतं.

शाळा तर असते, मग अडतं कुठे?

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०ला देशात लागू झाला. जम्मू-काश्मीरला तो लागू झाला ३१ ऑक्टोबर २०१९पासून, म्हणजे साडेनऊ वर्षांनी. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं त्याचे नियम म्हणतात. त्यामुळे 'शाळाच नाही' ही तक्रार सीमेवरही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. इमारत असते. बऱ्याचदा रंगही नवा असतो.

पण याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक आकडा आहे, ज्याकडे आम्ही शिक्षकसुद्धा कानाडोळा करतो. प्राथमिकला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. माझ्या मते गुणवत्तापूर्ण शिक्षण या भारदस्त शब्दाची सुरुवात इथून होते. आधी तास भरले पाहिजेत. त्या तासांत काय शिकवलं, कसं शिकवलं, हा वाद त्यानंतरचा.

साधा हिशेब करा. प्राथमिकचा दिवस चार तासांचा धरला आणि शाळा ४० दिवस बंद राहिली, तर १६० तास गेले, म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा. त्यात अर्धे दिवस धरलेले नाहीत. कुठेतरी धाड्‌ झालं म्हणून साडेदहाला घरी पाठवलेले, आई न्यायला आली म्हणून उठून गेलेले, वर्गात बसून कान मात्र बाहेर असलेले.

गेलेले तास दिसतही नाहीत. आपल्याकडे चिऱ्याची भिंत बांधताना गवंड्याने मधल्या थरात दोन चिरे पोकळ ठेवले आणि वर गिलावा मारला, तर घरभरणीला आलेल्या पाहुण्याला काही कळत नाही. छपराचं वजन पडतं तेव्हा भेग जाते. गणितात हे छप्पर साधारण सहावी-सातवीत पडतं. अपूर्णांक ज्याचे कच्चे राहिले त्याला बीजगणितात काहीच उमगत नाही, आणि सगळ्यांना वाटतं पोरगं ढ आहे.

दोन मुलं, एकच जन्मसाल

२०१० साली जन्मलेली दोन मुलं मनात आणा. एक आमच्या पेडण्यातलं, दुसरं पुंछजवळच्या, नियंत्रण रेषेला लागून असलेल्या गावातलं. दोघंही २०१६ साली पहिलीत गेली.

त्याच सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला, नंतर सर्जिकल स्ट्राइक, आणि सीमेवर गोळीबार वाढला. जम्मूच्या सीमापट्ट्यात शेकडो शाळा वारंवार बंद ठेवाव्या लागल्या. काश्मीर खोऱ्यात तर त्या उन्हाळ्यापासूनच महिनोन्‌महिने शाळा भरल्या नव्हत्या. दोन डझनांहून अधिक शाळांच्या इमारती जाळल्या गेल्या. बऱ्याच मुलांना परीक्षेविनाच वरच्या वर्गात घातलं. फेब्रुवारी २०१९ला पुंछकडचं आपलं मूल तिसरीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर असताना बालाकोट झालं. ऑगस्ट २०१९ला चौथीत असताना फोन आणि इंटरनेट बंद. २०२०ला पाचवीत कोविड आला. आणि त्याच २०२० साली शस्त्रसंधीच्या उल्लंघनाच्या ५,१३३ घटना झाल्या, असं सरकारने संसदेत सांगितलं. भागिले ३६६ केलं तर दिवसाला चौदा.

२५ फेब्रुवारी २०२१ला दोन्ही देशांच्या लष्कराने शस्त्रसंधी पाळायचं जाहीर केलं आणि खरंच शांतता आली. चार वर्षं. मूल सहावी, सातवी, आठवी, नववी गोळीबाराविना शिकलं. मग ते दहावीत गेलं आणि मे २०२५ उजाडला. पुंछ शहरावर आणि आसपासच्या गावांवर तोफगोळे पडले. डझनाहून अधिक नागरिक गेले, त्यांत शाळकरी मुलंही होती.

पेडण्यातल्या मुलाच्या वाट्याला यातलं फक्त कोविड आलं. एवढ्यानेच आमची काय दैना झाली ते आठवा.

मला यात खुपतो तो काळाचा क्रम. पहिली ते पाचवी फाटली, आणि शांततेची चार वर्षं आली ती त्याच्या वरच्या इयत्तांत. शिक्षक सहावीचं पुस्तक घेऊन सहावीच शिकवणार, दुसरं काय करणार? बातम्यांच्या दृष्टीने २०२१ला प्रश्न मिटला होता. फळ्यासमोर बसलेल्या मुलासाठी तो तेव्हा कुठे सुरू होत होता.

आणि शिक्षक?

गोव्यात एखाद्याची बदली नेत्रावळीला झाली तर तो आधी ओळखीचा आमदार शोधतो. यात मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही माणूसच आहे. सीमेवर हेच दहापट होतं. जम्मू-काश्मीरमध्ये यासाठी 'अटॅचमेंट' हा खास शब्द आहे. नेमणूक कागदावर दुर्गम शाळेत, पगार त्या शाळेच्या नावावर, आणि मास्तर प्रत्यक्षात शहराजवळच्या शाळेशी 'अटॅच'. सरकार दर काही वर्षांनी अशा सगळ्या अटॅचमेंट रद्द करण्याचे आदेश काढतं. पुन्हा पुन्हा काढावे लागतात, यातच काय ते आलं.

पुन्हा भाषा. घरात पहाडी किंवा गोजरी, पुस्तक इंग्रजीत किंवा उर्दूत. कोंकणी बोलणारं मूल पहिलीत येऊन मराठी किंवा इंग्रजी पुस्तक उघडतं तेव्हा त्याला पहिले सहा महिने कोण सांभाळतं? त्याची घरची बोली समजणारी बाई. बाहेरून आलेला आणि सोमवारी उशिरा येऊन शुक्रवारी लवकर जाणारा मास्तर ते करू शकत नाही.

'बंकर बांधलेत की!'

बांधलेत, आणि चांगलंच केलंय. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने जम्मू, कठुआ, सांबा, राजौरी आणि पुंछ या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर केले, खर्च सुमारे ४१५ कोटी. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांसाठी. सामुदायिक बंकर ८०० चौरस फुटांचा, चाळीस जणांसाठी. म्हणजे माणशी वीस चौरस फूट. आमच्या वर्गातलं एक बाक आणि त्याच्या बाजूची वाट, एवढी जागा.

तिथे जीव वाचतो. तिथे पाढे होत नाहीत. शिवाय ही योजना सीमेपासून तीन किलोमीटरच्या आतल्या वस्तीसाठी होती. मे २०२५ला गोळे पुंछ शहरात पडले, तेव्हा तिथे लपायला अशी जागाच नाही, हे शहरातले लोक ओरडून सांगत होते.

'मग ऑनलाइन शिकवा ना'

हा सल्ला मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि नेमके तेच लोक देतात ज्यांनी २०२०मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली पोरं नेटवर्क शोधायला डोंगरावर चढताना पेपरात पाहिली होती. सीमाभागात मोबाइलचा मनोरा मुळातच विरळ. त्यात तणाव वाढला की सरकार सर्वांत आधी इंटरनेट बंद करतं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९पासून ५ फेब्रुवारी २०२१पर्यंत बहुतेक भागांत ४जी नव्हतं. अख्खा पहिला कोविड २जीवर काढला. २जीवर व्हिडिओ फिरत राहतो, उघडत नाही. ज्या दिवशी शाळा बंद असते, बहुधा त्याच दिवशी इंटरनेटही बंद असतं, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी या सूचनेचं वजन कळतं.

त्या काळात तिथल्या काही शिक्षकांनी काय केलं माहीत आहे? बडगाम जिल्ह्यातल्या दूधपथरीला कुरणावर, उघड्यावर, अंतर राखून वर्ग भरवले. फळा दगडाला टेकवायचा. तेवढं तंत्रज्ञान पुरलं.

'धोका आहे तर लोकांना तिथून हलवत का नाहीत?'

गोळीबार वाढला की तात्पुरतं हलवतातच. आणि नेतात कुठे? बऱ्याचदा मागच्या गावातल्या शाळेत किंवा कॉलेजात. वर्गात गाद्या पडतात, व्हरांड्यात चुली. म्हणजे सीमेवरच्या मुलाची शाळा बंद, आणि ज्या गावाने आसरा दिला त्या गावाचीही बंद. एका गोळ्याने दोन शाळा.

कायमचं हलवणं हा मुद्दा वेगळा. शेत, गुरं, अक्रोडाची झाडं, देव, पीर सगळं तिथे. आणि खरं सांगायचं तर सरकारलाही ती गावं रिकामी झालेली नको आहेत. सीमेवर माणूस राहणं ही सीमेची राखण असते. म्हणूनच १९८६-८७ला सीमाक्षेत्र विकासाचा कार्यक्रम सुरू झाला, २०२३ला चीनकडच्या गावांसाठी ४,८०० कोटींची व्हायब्रंट व्हिलेज योजना आली, एप्रिल २०२५ला बाकीच्या सीमांसाठी तिचा दुसरा टप्पा मंजूर झाला. लोकांनी राहावं अशी देशाची इच्छा असेल तर त्यांच्या मुलांचे बुडालेले तास भरून देणं ही त्याच व्यवहारातली दुसरी बाजू आहे. मी याला उपकार म्हणणार नाही.

'त्यांना आरक्षण आहे'

आहे. नियंत्रण रेषेलगतच्या रहिवाशांना नोकऱ्यांत आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागा होत्याच, २०१९ला आंतरराष्ट्रीय सीमेवरच्यांनाही ती सवलत मिळाली. पण ही खुर्ची तिसऱ्या मजल्यावर ठेवलेली आहे. बारावीपर्यंत जो पोचला त्याच्यासाठी. पहिल्या जिन्याच्या दोन पायऱ्या नसलेल्याला तिचा उपयोग नाही.

'आधी सुरक्षा, शिक्षण नंतर'

यात तथ्य आहे, म्हणून जरा थांबू. मूल जिवंत राहिलं तर शिकेल, हे खरंच. पण सुरक्षा म्हणजे शाळा बंद, असं समीकरण जगाने हळूहळू मोडायला घेतलंय. लष्कराने किंवा सशस्त्र गटांनी शाळेच्या इमारतीत मुक्काम ठोकला की ती इमारत समोरच्याचं लक्ष्य होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मणिपूर आणि आसामच्या बाबतीत आणि २०११मध्ये छत्तीसगडच्या बाबतीत सुरक्षा दलांनी शाळा मोकळ्या कराव्यात, असे आदेश दिले. २०१५च्या मे महिन्यात ओस्लोला 'सुरक्षित शाळा जाहीरनामा' आला: युद्धातही शाळा लष्करी कामाला वापरायची नाही, आणि शिक्षण शक्य तितकं चालू ठेवायचं. शंभराहून जास्त देशांनी तो मान्य केला, भारताने केलेला नाही. तो बंधनकारक कायदाही नाही. तरी त्यातलं 'चालू ठेवायचं' हे कलम मला महत्त्वाचं वाटतं.

आणि चालू ठेवता येतं. त्यासाठी परदेशात जायला नको. गुज्जर-बकरवाल लोक उन्हाळ्यात मेंढरं घेऊन उंच कुरणांवर जातात, तर जम्मू-काश्मीरमध्ये त्यांच्यामागे हंगामी शाळा जाते. त्यांच्यातलाच शिकलेला तरुण शिक्षक, तंबू किंवा झाडाखाली वर्ग. तांड्याबरोबर शाळा वर चढते, थंडीत खाली उतरते. जी शाळा मेंढरांमागे जाऊ शकते ती विस्थापितांच्या छावणीतही जाऊ शकते. मिझोरमचं बघा. फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून हजारो लोक आले, तेव्हा त्या छोट्या राज्याने त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत बसवून घेतलं. कागदपत्रांचा घोळ नंतर.

आणि शांतता आल्यावर पहिलं काम म्हणजे गेलेले तास परत देणं. 'प्रथम' या संस्थेने रूढ केलेली एक पद्धत इथे उपयोगी आहे: रोज एक-दोन तास इयत्ता विसरायची, आणि ज्याला जेवढं वाचता येतं त्यानुसार गट पाडायचे. पाचवीतला आणि तिसरीतला शेजारी बसून जोडाक्षरं शिकले तर बिघडत नाही. मी हे कोविडनंतर माझ्या वर्गात केलं. पहिल्या आठवड्यात मोठ्यांना लाज वाटली, तिसऱ्या आठवड्यात त्यांनाच सुटी नको झाली. पण यासाठी मास्तर जागेवर हवा. म्हणजे गाडी पुन्हा अटॅचमेंटपाशीच येते.

'आपण गोंयकार, आपल्याला काय त्याचं?'

गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीला आज गाडी अडवली तर पोलीस डिकीत बाटल्या किती एवढंच बघतात. तिथून हाकेच्या अंतरावर हुतात्मा स्मारक आहे. १९६१च्या डिसेंबरपर्यंत तीच जागा दोन देशांची सीमा होती, हे आमच्या सातवीतल्या मुलांना पुस्तकातून सांगावं लागतं. मला घरातून कळलं.

माझे वडील सीमेपलीकडे, भारतातल्या बांद्याला मावशीकडे राहून मराठी शाळेत शिकत होते. पेडण्यातल्या गावापासून बांदा पायी गाठण्याजोगं. १९५५च्या पावसात आजी आजारी पडली म्हणून ते घरी आले. १५ ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने सीमा बंद केली, आणि ते अलीकडेच राहिले. दप्तर मावशीकडे. त्यात पाटी होती आणि अर्धं लिहिलेलं निबंधाचं वहीपान होतं, हे ते सत्तरीतसुद्धा सांगायचे. "गोळी मला लागली नाही, पण माझं शिकणं थांबलं ते थांबलंच," एवढंच म्हणत. पुढे म्हापशाच्या एका शाळेत पुन्हा नाव घातलं, तेव्हा त्यांच्या वर्गातली मुलं त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान होती.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उत्तर देण्याआधी मी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेतून काढून वर्गात नेला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्याच्याच हातात दिला आणि वाचायला सांगितलं. त्याने सालं बोटावर मोजली, पुन्हा मोजली.

"सर, हांगा दोन वर्सां उणीं आसात."